मेघनाद साहा ते पायल तडवी : तक्रार ऐकणार कोण?

16 फेब्रुवारी 2026 रोजी खगोलभौतिकशास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा यांच्या निधनाला 70 वर्षे पूर्ण होत आहेत. पुढे बारा दिवसांनी राष्ट्रीय विज्ञान दिन आहे. शाळा-महाविद्यालयांत प्रदर्शने भरतील, भाषणे होतील, भारतीय बुद्धीची थोरवी गायली जाईल. नेमक्या याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समताविषयक नव्या नियमांना स्थगिती दिली आहे. उच्च शिक्षणसंस्थांमधला जातीय भेदभाव रोखण्यासाठी हे नियम 13 जानेवारीला अधिसूचित झाले आणि 29 जानेवारीला थांबले. जेमतेम सोळा दिवस टिकले.

साहांचा स्मृतिदिन आणि या स्थगितीचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते थेट संबंध आहे. मीरा-भाईंदरमधून रोज पहाटे चर्चगेट लोकल पकडून आपली मुले-मुली मुंबईतल्या महाविद्यालयांत, प्रयोगशाळांत, वैद्यकीय संस्थांत जातात. अनेक घरांतली ही पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली किंवा दुसरी पिढी आहे. गुण कसे मिळवायचे, प्रवेश कसा घ्यायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा, हे आपण त्यांना शिकवले. पण आत गेल्यावर कोणी अपमान केला, छळ केला, तर कोणाकडे जायचे, हे आपण शिकवले नाही. कारण त्याचे सरळ उत्तर या देशाच्या शिक्षणव्यवस्थेकडेच अजून नाही.

ताट वेगळे, पंगत वेगळी

साहांचा जन्म 6 ऑक्टोबर 1893 रोजी ढाका जिल्ह्यातल्या शेवराताली या खेड्यात झाला. वडिलांचे छोटे किराणा दुकान. जात बंगालमध्ये खालची मानलेली. गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून दूरच्या गावातल्या एका डॉक्टरांच्या घरी त्यांची राहण्याची सोय झाली. पण अट अशी की आपले ताट आपण धुवायचे आणि गाय सांभाळायची. आसरा देणारा माणूस भलाच होता, तरी ताटाची अट काही सुटली नाही. जात अशी भल्या माणसांच्या घरातही नांदत असते.

1911 मध्ये साहा कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. तिथे सत्येंद्रनाथ बोस त्यांचे वर्गमित्र होते, जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय शिकवायला होते. भारतीय विज्ञानाची इतकी मोठी मांदियाळी एका छपराखाली क्वचितच जमली असेल. आणि त्याच वेळी ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये काही विद्यार्थ्यांनी साहांसोबत एका पंगतीला जेवायला हरकत घेतली. सरस्वतीपूजेतही त्यांना सहभागी होऊ दिले नाही. विद्येची देवता म्हणायची आणि वर्गातल्या सर्वांत हुशार मुलांपैकी एकाला तिच्यापासून लांब ठेवायचे, हा विरोधाभास त्या मुलांना जाणवलासुद्धा नसेल.

नऊ वर्षांनी, 1920 मध्ये, याच साहांनी जगाला एक समीकरण दिले. ताऱ्याच्या प्रकाशात ज्या रेषा दिसतात त्या कोणत्या मूलद्रव्याच्या आणि किती तापमानाला, याची गणिती सांगड त्यांनी घातली. तोवर ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्गीकरण होत होते, पण त्याचा अर्थ नीट लागत नव्हता. साहा समीकरणाने तो लावून दिला. 1927 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढे कोलकात्यात त्यांनी अणुभौतिकीची संस्था उभी केली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्याच दशकात इकडे मुंबईत काय चालले होते तेही आठवावे. 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या प्राध्यापकाने प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यातून पाणी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. कोलकात्यात विद्यार्थ्याची पंगत, मुंबईत प्राध्यापकाचे पाणी. कामाच्या ठिकाणचे गैरवर्तन हा शब्द तेव्हा नव्हता, पण प्रकार तोच होता. आणि दोन्ही ठिकाणी तक्रार करायला जागा नव्हती. दोघेही टिकले ते स्वतःच्या असामान्य ताकदीवर. जे इतके असामान्य नव्हते, त्यांची नावे इतिहासाला माहीतही नाहीत.

पुढे दामोदर नदीच्या पूरनियंत्रणाच्या प्रश्नात या दोघांचे काम एकाच दिशेने गेले. 1943 च्या पुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीवर साहा होते आणि व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी ही योजना पुढे नेली. 1952 पासून दोघेही संसदेत होते, साहा लोकसभेत अपक्ष म्हणून, बाबासाहेब राज्यसभेत. दोघेही 1956 मध्ये गेले. ज्यांना पंगतीतून उठवले, त्यांनीच या देशाच्या नद्या, उद्योग आणि कायदे यांचा विचार केला.

मोठे नाव आणि लहान तक्रार

हा प्रश्न फक्त भारताचा आहे असे कोणी समजू नये. साहांचे समीकरण वापरून सिसिलिया पेन या तरुणीने 1925 मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत सिद्ध केले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. प्रिन्स्टनचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटले नाही. त्यांच्या शब्दाला इतके वजन होते की पेन यांना आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. 1929 मध्ये रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला आले आणि श्रेयाचा मोठा वाटा बराच काळ त्यांच्याकडे गेला. पेन यांना हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळायला 1956 साल उजाडले.

इथे कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. रसेल यांनी नंतरच्या लेखात पेन यांच्या कामाचा उल्लेखही केला होता. तरी सत्य सांगणारी व्यक्ती लहान आणि नाकारणारी मोठी असली की सत्यालाही वाट पाहावी लागते, हे या प्रकरणातून दिसते. संशोधनाच्या क्षेत्रात मार्गदर्शकाच्या एका सहीवर पदवी, शिफारसपत्र, परदेशातली संधी, सगळे अवलंबून असते. कारखान्यातला मुकादम फार तर एका नोकरीवरून काढील. मार्गदर्शक बिनसला तर त्या विषयातले सगळेच दरवाजे बंद होऊ शकतात, कारण त्या विषयातली माणसे जगभर मिळून थोडी असतात आणि सगळी एकमेकांना ओळखतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण खगोलशास्त्रातलेच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथले जेफ्री मार्सी हे परग्रहांच्या शोधातले अग्रगण्य नाव. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या पहिल्या शंभर ग्रहांपैकी बहुसंख्य ग्रह त्यांच्या गटाने शोधले. 2001 ते 2010 या काळात त्यांनी लैंगिक छळविरोधी नियमांचा भंग केल्याचा निष्कर्ष खुद्द विद्यापीठाच्या चौकशीने 2015 मध्ये काढला. आणि शिक्षा काय? पुढे असे केले तर कारवाई होईल, अशी ताकीद. प्रकरण वृत्तमाध्यमांत आले, जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्याच विभागातल्या सहकाऱ्यांनी निषेध केला, तेव्हा ऑक्टोबर 2015 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. 2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले.

चौकशी झाली, दोष सिद्ध झाला, तरी संस्थेने आधी आपले मोठे नाव सांभाळले. तक्रार करणाऱ्या स्त्रियांनी या विषयात पुढे कसे जगावे, हा प्रश्न त्या ताकिदीत कुठेच नव्हता. बाबासाहेब विद्यार्थ्यांना वारंवार बजावत की विद्येला शीलाची जोड हवी. एखाद्याला दूरच्या ताऱ्याची बारीकशी डुगडुग मोजता येते, म्हणून तो शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीशी नीट वागेल असे नाही.

आपल्या लोकलच्या वाटेवर

आता घरचा हिशेब. भाईंदरहून चर्चगेटकडे निघाले की दादर लागते, पुढे मुंबई सेंट्रल. मुंबई सेंट्रलजवळच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पायल तडवी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. जळगावच्या तडवी भिल्ल आदिवासी समाजातली ही मुलगी 22 मे 2019 रोजी गेली. वय 26. तीन ज्येष्ठ सहकारी डॉक्टर जातीवरून छळत असल्याचा कुटुंबाचा आरोप आहे. तिघींना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि निकाल न्यायालय देईल. पण एक गोष्ट निकालाआधीच विचारता येते. पायलच्या आईने, आबेदा तडवी यांनी, मुलगी जिवंत असताना आपण रुग्णालयात तक्रार केली होती असे सांगितले आहे. ती तक्रार कोणी ऐकली असती तर?

त्याआधी हैदराबाद विद्यापीठातला संशोधक रोहित वेमुला. त्याची शिष्यवृत्ती थांबली होती, वसतिगृहातून त्याला आणि चार साथींना बाहेर काढले होते. 17 जानेवारी 2016 रोजी तो गेला. त्याला कार्ल सेगन यांच्यासारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, हे त्याच्या अखेरच्या पत्रातून साऱ्या देशाला कळले. ग्रह-ताऱ्यांवर लिहू पाहणाऱ्या मुलाला विद्यापीठाच्या आवारात तंबू टाकून राहावे लागले. त्याच वर्षी 14 एप्रिलला त्याची आई राधिका आणि भाऊ राजा यांनी दादरच्या आंबेडकर भवनात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणून रोहितचे घर आपले घर आहे, आणि हा प्रश्न आपल्याला बातमीपुरता उरत नाही.

12 फेब्रुवारी 2023 रोजी पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. वय 18. संस्थेच्या अंतर्गत समितीने जातीय भेदभावाचा थेट पुरावा मिळाला नाही असे सांगून अभ्यासातल्या पिछाडीकडे बोट दाखवले. संस्थेने संस्थेचीच चौकशी केली की असे निष्कर्ष येतात आणि कुटुंबाचे समाधान होत नाही. यात नवे काही नाही. दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावाची चौकशी करणाऱ्या, डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2007 मध्येच हे सारे लेखी मांडून ठेवले आहे.

कायदा कुठे उभा आहे

2012 पासून आयोगाचे समताविषयक नियम आहेत. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे ते सांगतात. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन विचारले की हे नियम कागदावरच का आहेत? त्या याचिकेच्या रेट्यातून नवे नियम आले. त्यांत समता समित्या आल्या, इतर मागासवर्गीयांचाही स्पष्ट समावेश झाला. विरोध सुरू झाला, देशभर आंदोलने झाली आणि नियमांची भाषा संदिग्ध आहे, त्यांचा गैरवापर होऊ शकतो, असे प्रथमदर्शनी मत व्यक्त करून न्यायालयाने स्थगिती दिली. तूर्त 2012 चेच नियम लागू राहतील. म्हणजे ज्या नियमांच्या निष्क्रियतेबद्दल दोन आया न्यायालयात गेल्या, त्याच नियमांपाशी आपण परत येऊन उभे आहोत.

खोट्या तक्रारीची भीती आम्ही उडवून लावत नाही. निरपराधाला शिक्षा होऊ नये, हे न्यायाचे मूळ आहे. पण भाषा संदिग्ध असेल तर ती नेमकी करावी. संरक्षणच काढून घेणे हा उपाय नव्हे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आला तेव्हाही गैरवापराची हीच हाकाटी होती. आज त्या कायद्याखाली चौकशी समितीत बाहेरची एक व्यक्ती लागते, चौकशी 90 दिवसांत पुरी करावी लागते. आणि सर्वांत मोलाची तरतूद त्याच्या नियमांत आहे. चौकशी चालू असताना, तक्रार करणाऱ्या स्त्रीने लेखी मागितल्यास, जिच्यावर आरोप आहे त्या व्यक्तीला तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून आणि शिक्षणसंस्थेत तिच्या अभ्यासावर देखरेख ठेवण्यापासून रोखण्याची शिफारस समिती करू शकते.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्या हातात तक्रारदाराचे भवितव्य राहता कामा नये. एवढे एक तत्त्व जातीय छळाच्या तक्रारीलाही तितक्याच स्पष्टपणे लागू झाले, तर अर्धी भीती तिथेच संपेल.

विनयाची शिकवण

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी झाला आहे. वर्षावास संपताना भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून म्हणतो की माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला शंका असेल, तर करुणेने सांगा, मी सुधारीन. आणि याची सुरुवात सर्वांत नवख्या भिक्खूने नव्हे, ज्येष्ठ थेरांनी करायची असते. ज्येष्ठाने आधी वाकायचे, मग कनिष्ठाने. आपल्या किती विद्यापीठांत विभागप्रमुख वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना असे विचारतो?

दुसरी गोष्ट उपालींची. उपाली शाक्यांच्या घरचे न्हावी. शाक्य राजपुत्रांसोबत ते प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा आधी दीक्षा उपालींना मिळाली, म्हणजे पुढे राजपुत्रांनीच त्यांना वंदन करायचे. हेच उपाली विनयाचे सर्वश्रेष्ठ जाणकार ठरले आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन त्यांच्याकडे आले. शिस्तीचे नियम सांगण्याचा अधिकार त्या काळी हलक्या मानलेल्या माणसाकडे होता. आजच्या चौकशी समित्यांत अनुसूचित जाती-जमातींचा सदस्य केवळ सहीपुरता बसवला जातो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिथे उपालींची आठवण करून द्यावी लागते.

आणि विनय एकतर्फी नाही. वाद संबंधितांच्या समोरच मिटवावा, असा त्याचा दंडक आहे. दब्ब मल्लपुत्त या थोर भिक्खूवर खोटा आरोप झाला तेव्हा चौकशी होऊन ते निर्दोष ठरले आणि निराधार आरोप करणे हा गंभीर अपराध ठरवला गेला. म्हणजे तक्रारदाराला अभय आणि आरोपीला न्याय, दोन्ही एकाच व्यवस्थेत बसतात. ज्यांना हे अशक्य वाटते, त्यांनी विनयपिटक उघडून पाहावे.

मीरा-भाईंदरमध्ये आपण काय करू शकतो

न्यायालयात जे व्हायचे ते होईल. तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. आपल्या विहारांत बुद्धवंदना होते, जयंतीचे नियोजन होते, गुणवंतांचा सत्कार होतो. दहावी-बारावीच्या सत्काराला जी गर्दी होते, तिच्यातच या गोष्टी सांगता येतील.

पहिली, घडलेल्या प्रत्येक प्रकाराची तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार यांची त्याच दिवशी नोंद करावी. मोबाइलवरचे संदेश पुसू नयेत.

दुसरी, तक्रार तोंडी करू नये. लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. लैंगिक छळाची तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते, हे मुलींना माहीत हवे.

तिसरी, जातिवाचक अपमान आणि छळ हा ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा ठरू शकतो. संस्थेची समिती बसली म्हणून पोलिसांकडे जाण्याचा हक्क जात नाही. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडेही दाद मागता येते.

चौथी, कोणत्याही मुलाला किंवा मुलीला तक्रार द्यायला एकटे पाठवू नये. आपल्या शहरात वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त शिक्षक आणि सरकारी नोकरीत आयुष्य काढलेले उपासक आहेत. प्रत्येक विहाराने अशा पाच-सहा जणांची नावे आणि फोन नंबर फलकावर लावावेत. मन फार खचले असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तोही त्याच फलकावर असावा.

पाचवी आई-वडिलांसाठी. मुलगा किंवा मुलगी रात्री घरी येऊन गप्प बसली, कॉलेजला जायला टाळाटाळ करू लागली, तर "आमच्या वेळी याहून वाईट होते, सहन कर" असे म्हणू नका. आपण सहन केले ते त्यांना सहन करावे लागू नये म्हणून.

आणि एक गोष्ट आपल्यासाठीही. संस्था, मंडळे, समित्या आपल्याही आहेत. तिथेही ज्येष्ठांना प्रश्न विचारलेला खपत नाही, स्त्रियांची तक्रार घरातल्या घरात दाबली जाते. येत्या आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होईल. त्या दिवशी आपल्या मंडळांच्या अध्यक्षांनी आणि सचिवांनी उपासक-उपासिकांसमोर उभे राहून विचारावे की आमचे काही चुकले का? विद्यापीठांना शिकवण्याआधी ही सुरुवात आपल्या विहारातून झाली, तर आपल्या मागणीला वजन येईल.

मेघनाद साहांना पंगतीतून उठवले तेव्हा त्यांचे ऐकून घेणारे कोणी नव्हते. पायलच्या आईने तोंड उघडले तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती. उद्या सकाळच्या लोकलने जाणाऱ्या मुलीला तरी हा अनुभव येऊ नये.

जयभीम. नमो बुद्धाय.